जित्त्या माणसाचं सुतक

मी कुठं नोकरी केली हे कळलं की माणसं खुर्ची जरा पुढं ओढतात. "आवं, तिथं साखळीनं बांधत्यात म्हणं?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "तुमाला कुणी मारलं का वो कवा?" तिसरा प्रश्न तोंडानं विचारत नाहीत, पण बघण्याच्या तऱ्हेवरून कळतो. इतकी वर्षं असल्या माणसांत काढली, हिच्यावर काही परिणाम झाला असंल काय! झालाय की. बीपी झालंय, गुडघे गेलेत आणि तोंड फटकळ झालंय. बाकी बरी आहे मी.

अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, जरा गमतीजमती लिहा, दिवाळी आहे." गमतीही आहेत. आमच्याकडं एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ते रोज सकाळी वॉर्डाची हजेरी घ्यायचे. पेशंटची, मावशींची आणि माझीसुद्धा. मला पाच मिनिटं उशीर झाला तर दारात उभं करायचे. बरे होऊन घरी गेले त्या सकाळी मी वेळेवर आले होते आणि हजेरी घ्यायला कुणी नव्हतं, तर मलाच चुकल्यासारखं झालं. असे किस्से पुष्कळ सांगता येतील. पण लिहायला बसले आणि तीन दिवस झाले, कागदावर गुरुजी येतच नाहीत, रुपालीच येतेय. तर तिचंच लिहिते. नाव बदललंय, घरच्यांचीही बदललीत. गावं एवढी जवळपास आहेत की त्यांची नावं बदलून काही उपयोग नाही, म्हणून तालुक्यावरच थांबते.

आधी आमच्या धंद्याचं थोडं सांगते, कारण माणसं घाबरतात ती माहीत नसतं म्हणून. सांगलीतलं आमचं हॉस्पिटल म्हणजे तीस खाटांचं खाजगी मनोरुग्णालय. पेशंट आला की डॉक्टर तासभर बोलतात, पेशंटशी वेगळं आणि घरच्यांशी वेगळं. रक्त तपासतात, कारण कधी कधी वेड वाटतं आणि असतो थायरॉईड. मग फॉर्म, सह्या, आणि मग पेशंट माझ्या ताब्यात. पहिले तीन-चार दिवस तो बराचसा झोपून काढतो. नातेवाईक ओरडतात, "गुंगीचं देऊन पाडून ठेवलंय." आवं, तो माणूस महिनाभर जागा असतो, त्याला झोपू तरी द्या! मग तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात, भूक वाढते. दुसऱ्या आठवड्यात जरा हसायला लागला की घरचे लगेच म्हणतात, "बरा झाला, सोडा आता." तिथंच घात होतो. ऊस अर्धा वाढला म्हणून कुणी तोडतं का? बांधायचं म्हणाल तर, हो, क्वचित बांधावं लागतं. साखळीनं नाही, कापडी पट्ट्यांनी, डॉक्टरांच्या लेखी सहीनं, थोडा वेळ, आणि शेजारी एक माणूस बसवून. मी पुष्कळदा तो माणूस झालेय. खोटं कशाला सांगू.

आणि दाखल होताना पेशंटच्या अंगावरच्या वस्तू काढून घेतात. पट्टा, ओढणी, पायजम्याची नाडी, सेफ्टी पिना, दागिने, काच. नियमच आहे आणि तो बरोबरच आहे. काचेच्या तुकड्यानं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बायकांच्या बाबतीत काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र आलंच. सोनं नातेवाइकांच्या हातात द्यायचं, सही घ्यायची. बांगड्या घट्ट असल्या तर साबण लावायचा. तरी निघाल्या नाहीत तर रुमाल धरून, हाताला लागणार नाही अशा बेतानं, फोडायच्या. हे मी इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालायचे. आपोआप हात चालणं ही नर्सची शाबासकी आहे असं मला तेव्हा वाटायचं.

रुपाली आली ती दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. बरोबर सासू आणि दीर. कडेगाव तालुक्यातलं बागायती घर. नवरा अजित मिलिटरीत, उत्तरेकडं बर्फात. वय असेल चोवीस-पंचवीस. चार महिन्यांपूर्वी बाळंत झालेली, पहिलाच मुलगा. माहेर कोरेगावकडचं, म्हणजे माझ्याच गावाकडचं. फॉर्मवर वडिलांचं गाव वाचलं आणि मला जरा जास्तच आपली वाटली.

बाळंतपणानंतर एखादीला असा आजार होतो. लाखात एखादी वगैरे नाही, आम्ही दर वर्षी बघायचो. झोप उडते, मनात भलतंसलतं येतं, कानात आवाज येतात. औषधानं हा आजार चांगला बरा होतो, आमच्याकडच्या सगळ्या आजारांत हा मला आशेचा वाटतो. रुपालीच्या मनात एकच बसलं होतं, नवऱ्याची वाईट बातमी येणार आहे. ती फोनमधून येणार, म्हणून तिनं फोन पाण्याच्या टाकीत टाकला. मग एका दुपारी बाळाला देवळात ठेवून एकटीच घरी आली. विचारलं तर म्हणाली, "बापाविना कोण संबाळंल? देव संबाळंल." पुजाऱ्यानं बघितलं म्हणून बरं. तेव्हा घरच्यांनी हाय खाल्ली आणि तिला आणलं. सासूला गावात सगळे आक्का म्हणत, मीही आक्काच म्हणायला लागले. पदर तोंडात धरून रडत होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, लय गुणाची पोरगी हाय. तेवढी नीट करा आन् माज्या नातवाची आई मला परत द्या."

मी म्हणाले, "आक्का, महिन्याभरात घरी." असं सांगायचं नसतं, तरी सांगितलं. कोरेगावची लेक होती ना.

मग तिला आत घेतलं. पलंगावर बसवलं. मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या, बाळंतपणानंतर हात भरल्यानं रुतलेल्या. साबण लावला, दोन निघाल्या, बाकीच्या निघेनात. मग रुमाल घेतला आणि पलंगाच्या कडेवर दोन-दोन करून फोडल्या. मंगळसूत्र काढून आक्कांकडं पाठवलं. हे सगळं करताना मी शेजारच्या पेशंटला औषध घे म्हणून ओरडत होते. रुपालीशी एक शब्द बोलले नाही. तिनं दोन्ही हात पुढं धरले होते, गुपचूप. एरवी बायका ओरडतात, शिव्या देतात, एकीनं माझा हात चावला होता. ही शांत. शेवटी तिनं स्वतःच पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं. मी म्हणाले, "शहाणी गं माझी बाई." आणि कागदावर लिहिलं, सहकार्य करते.

दुसऱ्या दिवसापासून ती पलंगावर झोपेना. फरशीवर चादर टाकून पडायची. केसाला तेल लावू देईना. जेवणात नुसता भात खायची, आमटी-भाजी बाजूला सारायची. दूध आटवायच्या गोळ्या चालू होत्या तरी पहिले दोन दिवस पोलकं भिजायचं. आम्ही बदलायला दुसरं दिलं की ते घ्यायची आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसायची. बोलणं जवळजवळ बंद. मी रोज कागदावर लिहीत होते. स्वतःची निगा राखत नाही. आहार कमी. अंथरुणावर झोपण्यास नकार. डॉक्टर ते वाचून औषध वाढवत होते. इतकी अनुभवी मी, पण हे सगळं एकत्र ठेवून काय चित्र होतं, ते मला दिसलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदा आपणहून बोलली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सिस्टर, मला नदीवर न्या. आज अंगुळ करायची हाय."

पेशंट नदीवर न्या म्हणाला की आम्हाला आधी जीव देण्याचीच शंका येते. मी तिला खिडकीजवळच्या खाटेवरून हलवलं, आमच्या टेबलासमोर आणलं आणि तिच्यावर डोळा ठेवायला एक बाई बसवली. त्याच दिवशी हौसामावशी रजेवरून परत आली होती. मावशी जतकडची, धनगराची, आमच्या वॉर्डात झाडलोट करायची आणि पेशंटना न्हाऊ घालायची. नवरा मेंढरं घेऊन फिरतीवर असतानाच वारलेला, तिच्या विशीत. मावशी रुपालीसमोर उभी राहिली. मोकळे केस बघितले, बोडके हात बघितले, कपाळ बघितलं, ताटातला कोरडा भात बघितला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सिस्टर, हिच्या घरात कोण गेलंय?"

"कुणी नाही गं. का?"

"आवं, ही सुतक धरून बसलीया. आज दहावा दिस आसंल. न्हवरा गेलाय व्हय हिचा?"

 आपल्याकडं बाईच्या हातातल्या बांगड्या कधी फोडतात? एकदाच. हे काय मला सांगावं लागतं? मी कोरेगावची, आमच्या गल्लीत तीन घरं मिलिटरीची, मी लहानपणी पाहिलंय ते. तरी फोडताना मला काच दिसली, बांगडी दिसली नाही.

पुढं तिच्याकडून थोडं थोडं कळलं. घरातून निघताना ती यायला तयार नव्हती, म्हणून दिरानं सांगितलं होतं, "वैनी, दादा येतोय सुट्टीवर. मिरजेला रेल्वेला आणाय जायाचंय." तिनं नवी साडी नेसली, वेणी घातली, गाडीत बसली. मिरजेच्या आधीच गाडी आमच्या दारात वळली. नवरा नाही, पांढरे कपडे घातलेल्या बायका, आणि त्यातल्या एकीनं काही न बोलता बांगड्या फोडल्या. आजारानं सांगितलं होतं ते आम्ही सगळ्यांनी मिळून खरं करून दाखवलं. पेशंटला फसवून आणायची आपल्याकडं रीतच आहे. लग्नाला जाऊ, डोळे दाखवू, देवाला जाऊ. माझ्या पाया पडायला आलात तरी सांगेन, असं आणू नका. खरं सांगून आणलेला पेशंट चार दिवस जास्त भांडतो, पण बरा लवकर होतो.

आता इथं माझी मोठी चूक. बांगड्यांची चूक अजाणता झाली, ही मात्र मी शुद्धीत केली. खात्री करायला म्हणून मी तडक घरी फोन लावला. आक्कांनी उचलला. मी विचारलं, "आक्का, तुमच्या घरात सगळे खुशाल आहेत ना? अजितराव बरे आहेत ना?"

"व्हय की. का वो?"

आणि मी सांगून टाकलं. म्हणाले, "नाही, रुपालीला वाटतंय ते गेलेत. दहा दिवस सुतक पाळतेय ती त्यांचं. म्हणून विचारलं."

  आक्का एवढंच म्हणाल्या, "माज्या जित्त्या लेकाचं सुतक धरलं तिनं?"

ज्यांच्या घरातलं कुणी सीमेवर नाही त्यांना हे कळायचं नाही. त्या घरात बोलताना जीभ सांभाळतात. "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. दिवा विझला म्हणत नाहीत. आणि ज्या घरात रोज एका आईचा जीव टांगणीला लागलाय तिथं मी नर्सच्या कोरड्या आवाजात सांगितलं की तुमच्या सुनेनं तुमच्या मुलाचे दहा दिवस घातले. अनुभव काय चाटायचाय? डॉक्टरांना सांगायचं होतं, त्यांनी नीट समोर बसवून सांगितलं असतं. माझी घाई नडली.

त्यानंतर आक्का भेटायला आल्या नाहीत. मूल चार महिन्यांचं, आणि कायदाही म्हणतो की एवढ्या लहान मुलाला शक्यतो आईपासून तोडू नये. सुरुवातीला बाळाला धोका होता म्हणून डॉक्टरांनी लांब ठेवलं होतं. नंतर ते म्हणाले, आता रोज तासभर आणा, आम्ही जवळ बसतो. निरोप धाडला. दिराचा फोन आला, "आय म्हणती दवाखान्याची हवा लेकराला न्हाई मानवत." दुसऱ्यांदा धाडला, तर लेकराला सर्दी. मग मी समजले.

नवऱ्याला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं! पोराच्या डोक्याला ताप नको म्हणून घरच्यांनी त्याला सांगितलं होतं, रुपाली माहेरी गेलीय आणि तिचा फोन बिघडलाय. डॉक्टरांनी नंबर मिळवून त्याला स्वतः फोन केला. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल लावला. वॉर्डात मोबाईल चालत नाही, पण त्या दिवशी मी माझाच धरला. पडद्यावर दाढी वाढलेला, टोपी घातलेला पोरगा. "रुपे, आगं मी हाय की. बग की माज्याकडं." रुपालीनं बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "ह्यो आदीचा हाय. रेकार्ड केलेला." तो बिचारा तिकडं ढसाढसा रडायला लागला. त्याला मी नंतर समजावलं. असला भ्रम पुराव्यानं जात नाही. औषधानं आधी तो ढिला व्हावा लागतो, मग पुरावा आत शिरतो.

डॉक्टरांनी शॉक द्यायचं ठरवलं. शॉक म्हटलं की लोकांना सिनेमा आठवतो. प्रत्यक्षात सकाळी उपाशीपोटी न्यायचं, भूलतज्ज्ञ भूल देतात, पेशंट झोपतो, काही सेकंदांचं काम, दहा-पंधरा मिनिटांत डोळे उघडतो आणि चहा मागतो. दोन-चार दिवसांचं विसरायला होतं, बहुतेक नंतर आठवतं. तिच्या वडिलांनी येऊन कागदावर सही केली. एस.टी.तून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. प्रत्येक शॉकच्या दिवशी कोरेगावाहून पहिल्या गाडीनं येऊन बाहेरच्या बाकावर बसायचे.

तिसऱ्या शॉकनंतर तिनं आमटी-भात कालवून खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओरडले, "खाल्लं गं बायांनो!" तिनं बोटं चाटल्यावर हौसामावशीनं ताट उचललं आणि केसाला तेल लावायला बसली. चौथ्यानंतर नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "वाळलाय किती." पाचव्यानंतर विचारलं, "सिस्टर, माजं बाळ कुणाकडं हाय?" तिला सगळं आठवायला लागलं होतं. देवळात बाळ ठेवलं तेही. ते आठवलं त्या दिवशी ती जी रडली, तसं रडणं मी कमी बघितलंय. माणसं म्हणतात बरं झालं की सुख. आमच्या आजारात बरं होणं म्हणजे आपण काय केलं ते कळणं. आधी दुःख येतं.

तिचं सगळं चित्त एकाच गोष्टीवर लागलं होतं, घरी जायचं आणि पोरगं मांडीवर घ्यायचं. ते सोडून तिचं जगात काही मागणं नव्हतं. व्यायामाला पहिली, गोळीला पहिली. "सिस्टर, अजून किती दिवस?" मला रोज विचारायची. मी म्हणायची, "जवळ आलं गं." दोन महिने होत आले. डॉक्टर म्हणाले, आता घरी जाऊ दे. औषध वर्षभर तरी, पुढच्या बाळंतपणात सांभाळून. अजितला सुट्टी मिळाली. तारीख ठरली.

पुढचा शेवट आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्ही आशा लावून बसायला नको. रुपाली आज कोरेगावला वडिलांकडं आहे. ठणठणीत आहे. ब्लाऊज शिवते, हात चांगला आहे, माझे दोन तिनंच शिवलेत. गोळ्या डॉक्टरांनी केव्हाच बंद केल्या. मुलगा कडेगावला आजीकडं आहे, आता शाळेत जातो. आणि आमच्या वॉर्डात मी निवृत्त होईपर्यंत एक पद्धत पाळली. बांगड्या काढण्याआधी बाईचे हात हातात घ्यायचे, घरच्यांना समोर उभं करायचं आणि सांगायचं, "तुझं कुंकू खुशाल आहे, ही काच आहे म्हणून काढतेय." आणि लगेच हिरव्या प्लॅस्टिकच्या चढवायच्या. नव्या पोरी हसायच्या, "सिस्टरचं आपलं काहीतरी." हसू देत.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घातली. तिला घेऊन बाजूला बसले आणि वडीलधारीपणानं शिकवलं. "रुपाली, आज काहीही झालं तरी आवाज चढवायचा नाही. रडायचं नाही. बाळावर झडप घालायची नाही. सासू काही बोलली तरी मान खाली. तू जरा जरी ओरडलीस तरी म्हणतील, बघा, अजून बरी नाही. शांत राहायचं. कळलं?"

"कळलं."

मी हे प्रत्येकालाच सांगायची. आमच्याकडून बरा होऊन जाणाऱ्याला पुढं वर्षभर रागवायची मुभा नसते. तुम्ही-आम्ही चिडलो तर चिडलो, तो चिडला की त्याला पुन्हा गाडीत घालतात.

अकराच्या सुमारास ते आले. अजित, आक्का, दीर, आणि आक्कांच्या कडेवर सहा महिन्यांचं गोरंगोमटं लेकरू, कानाला टोपरं बांधलेलं. रुपालीचे वडील आधीच आले होते. भेटीच्या खोलीत सगळे बसले. अजितनं रुपालीकडं बघितलं, हसला, जवळ जायला उठला आणि आईकडं बघून पुन्हा खाली बसला. तिथंच मला समजलं.

आक्कांनी सरळ सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, तेवढं त्यांचं मला मानावं लागतं. "सध्या तिनं म्हायेरी ऱ्हावं. पोरगं आमच्यात ऱ्हाईल. फुडं बगू."

मी मध्ये पडले. म्हणाले, "आक्का, ती बरी झालीय. बांगड्या मी फोडल्या, तिनं नाही. तिला न सांगता फोडल्या, चूक माझी आहे. तिचा काही दोष नाही."

"तुमी फोडल्या, पर कुकू तिनं पुसलं." आक्कांच्या डोळ्यांना धार लागली होती. "सिस्टर, तुमी शिकलेल्या. मला बी कळतंय, आजार हुता. पर माजा ल्योक फुडल्या आठवड्यात परत बर्फात जानार. मी रोज त्याच्या नावानं दिवा लावती. हिनं त्याच्या नावानं आळणी भात खाल्लाय. आता त्याला काय झालं, तर मी काय करू? कुनाला इचारू?"

 डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं, कायदा सांगितला, पुढच्या खेपेला यायला सांगितलं. अजित मान डोलवत होता. सीमेवर उभा राहणारा माणूस, पण आईपुढं एवढंच. रुपालीचे वडील म्हणाले, "चल पोरी, दिवस निगून जात्यात." तेही किती भांडणार.

रुपाली आक्कांना म्हणाली, "आत्या, एकदा मांडीवर द्या."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मी जवळच उभी आहे." तेव्हा त्यांनी दिलं. लेकरानं तिच्या तोंडाकडं बघितलं. दोन महिने न बघितलेलं तोंड. ओठ काढले, आणि मग जो टाहो फोडला! दोन्ही हात आक्कांकडं पसरले. रुपालीनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, एकदा, दोनदा. ते थांबेना. मग तिनंच उठून त्याला आक्कांच्या कडेवर दिलं. "घ्या. तुमची सवय लागलीया त्याला." टोपरं सुटलं होतं, ते नीट बांधलं. डोळ्यांत टिपूस नाही, आवाजात कंप नाही. माझ्याकडं वळून नमस्कार केला, हौसामावशीच्या पाया पडली आणि वडिलांच्या मागं रिक्षात जाऊन बसली. मला तिचा इतका अभिमान वाटला त्या वेळी. किती छान सांभाळलं पोरीनं, असं मी मनात म्हणाले. खरंच म्हणाले.

आक्का आणि दीर गाडीकडं गेले. अजित औषधांच्या कागदाची एक प्रत घ्यायला माझ्या टेबलाशी थांबला. कागद घडी घालून खिशात ठेवला तरी जाईना. शेवटी म्हणाला, "सिस्टर, एक इचारू? ती अजून पुरती बरी न्हाई न्हवं?"

"का? असं का वाटलं?"

"रडली बी न्हाई वो पोरगं देताना. आय म्हणती, आईचं काळीज जाग्यावर असतं तर अशी कोरडी उठून गेली नसती."

 मी म्हणाले, "अजितराव, मी सांगितलं होतं तिला. सकाळी मीच सांगितलं होतं, रडू नकोस म्हणून. तुम्ही काय म्हणाल म्हणून सांगितलं होतं." त्यानं मान हलवली आणि निघाला. मी टेबल सोडून त्याच्या मागं गेले, जिना उतरून, पार गेटपर्यंत, गुडघ्यांची पर्वा न करता. पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं, रिक्षावाले वळून बघायला लागले. "ऐका, ती रडणारच होती हो! मी अडवलं तिला!"

"व्हय सिस्टर," तो म्हणाला, माझी समजूत घातल्यासारखा, आणि गाडीत आईच्या शेजारी बसला.